तबकडीची नक्कल आणि तिचे साक्षीदार

ऑडिओ सीडी संगणकात घातली की पडद्यावर गाण्यांची यादी येते. ट्रॅक एक, ट्रॅक दोन, ट्रॅक तीन. विंडोजमध्ये त्या फाइलींसारख्या दिसतात, पण एकीवर बोट ठेवून आकार पाहिला तर तो निघतो अवघा ४४ बाइट. त्यात गाणं नसतं. गाणं तबकडीवर कुठे सुरू होतं आणि किती लांब आहे, एवढा पत्ता असतो. हे पत्ते पेनड्राइव्हवर उतरवून "सगळी सीडी कॉपी केली" असं समाधानानं सांगणारे लोक मी आमच्याच नात्यात पाहिले आहेत. त्यांना हसण्यात अर्थ नाही. ऑडिओ सीडीवर फाइल नावाची वस्तूच नसते, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलं नसतं.

गाणी मिळवायची तर तबकडी प्रत्यक्ष वाचून काढावी लागते. याला रिप करणं म्हणतात. ते कुठलंही सॉफ्टवेअर पाच मिनिटांत करून देतं. पण जे उतरलं ते मुळाबरहुकूम आहे का, हे कसं कळणार? या एका प्रश्नामागे जवळपास चाळीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो कळल्याशिवाय त्या सॉफ्टवेअरमधल्या खुणा आणि चौकटी नुसत्या डोकेदुखीसारख्या वाटतात.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये ऑडिओ सीडीचे नियम ठरवले. त्या नियमपुस्तकाला मुखपृष्ठाच्या रंगावरून रेड बुक म्हणतात. ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानात पहिला प्लेयर विक्रीला आला. आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घ्यायचे, डाव्या-उजव्या बाजूचे वेगवेगळे, प्रत्येक १६ बिटांचा, असं ठरलं. ४४,१०० हा विचित्र आकडा आला व्हिडिओ टेपवरून. त्या काळी एवढे आकडे साठवायला व्हिडिओ टेपच हाताशी होती. चित्राच्या एका ओळीत तीन नमुने, २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणून पाहा.

धूळ आणि ओरखडे यांची सोय आधीच केलेली होती. अर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन अमेरिकी गणितज्ञांनी १९६० मध्ये चुका दुरुस्त करणारी एक पद्धत मांडली होती, ती इथे वापरली. आवाजाच्या दर २४ बाइटमागे ८ जादा बाइट तपासणीसाठी, आणि सगळी माहिती लांबवर विखरून ठेवलेली, म्हणजे एक ओरखडा एकाच जागचं सगळं खाऊन टाकणार नाही. मार्गावरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा तुकडा नाहीसा झाला तरी आवाज जसाच्या तसा परत मिळतो. मला हे आजही जादूसारखं वाटतं.

त्याहून मोठी जखम असली तर? तिथे प्लेयर अंदाज करतो. मागचा नमुना आणि पुढचा नमुना पाहून मधला भरून काढतो, आणि तेही जमलं नाही तर क्षणभर गप्प राहतो. ऐकणाऱ्याला खटकू नये, हा हेतू. दिवाणखान्यात गाणं ऐकायचं असेल तर यापेक्षा चांगली व्यवस्था नाही. पण नक्कल करणाऱ्याच्या दृष्टीनं हीच खोट आहे: यंत्र अंदाज करतं आणि कुठे केला हे सांगत नाही. कानाला गोड लागणारी फाइल ही खरी प्रत असेलच असं नाही.

दुसरी अडचण पत्त्याची. सीडीवरचा मजकूर सेकंदाला ७५ तुकड्यांत वाचला जातो आणि प्रत्येक तुकडा २,३५२ बाइटचा असतो. संगणकाच्या डेटासाठीची सीडी पुढे आली, तेव्हा तिच्या प्रत्येक तुकड्यात २,०४८ बाइट मजकूर आणि उरलेले ३०४ बाइट पत्ता आणि जादा तपासणीला दिले गेले. हिशेबाच्या फाइलीत एक आकडा बदलून चालत नाही ना! ऑडिओ सीडीत मात्र सगळे २,३५२ बाइट आवाजच. आपण नेमके कुठे आहोत हे ड्राइव्हला बाजूच्या एका बारीक खुणेवरून ताडावं लागतं. थांबून पुन्हा वाचायला लागला की तो कधी थोडा आधी, कधी थोडा नंतर सुरू होतो. नव्वदच्या दशकातल्या पुष्कळ रिपमध्ये जो बारीक टक्-टक् आवाज यायचा, तो बऱ्याचदा या सांध्यांचा.

त्या दशकाच्या अखेरीस दोन माणसांनी यावर जवळपास एकाच सुमारास काम केलं. लिनक्सच्या जगात ख्रिस्तोफर मॉन्टगोमेरी यांनी सीडीपॅरानोइया लिहिलं. नावातच संशय आहे: एक तुकडा वाचायचा, पुढचा वाचताना आधीच्याचा थोडा भाग पुन्हा वाचायचा, दोन्ही जुळतात का पाहायचं. विंडोजवर आंद्रे वीटहोफ या जर्मन माणसानं एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी केलं, ज्याला सगळे ईएसी म्हणतात. त्याची 'सिक्युअर' पद्धत प्रत्येक तुकडा निदान दोनदा वाचते. दोन वाचनं जुळली नाहीत तर तोच तुकडा १६ वेळा वाचते आणि त्यातली ८ सारखी आली तरच मान्य करते. तरी जमलं नाही तर पुन्हा १६, जास्तीत जास्त पाच फेऱ्या. म्हणजे वाईटात वाईट तुकडा ८२ वेळा वाचला जातो. खराब सीडी रात्रभर घुरघुरत राहते ती यामुळे.

इथे सॉफ्टवेअरमधली एक खूण समजून घ्यायला हवी. बहुतेक ड्राइव्ह नुकतंच वाचलेलं आपल्या स्मृतीत ठेवतात. दुसऱ्यांदा मागितलं की तबकडीकडे न पाहता तेच पुन्हा देतात. साक्षीदाराला दोनदा विचारलं आणि त्यानं पहिलाच जबाब वाचून दाखवला, असा प्रकार. ईएसीमध्ये ड्राइव्ह हे करतो का ते तपासायची सोय आहे. ती वापरून खूण बरोबर केली नाही तर 'सिक्युअर' नावापुरतंच उरतं. ड्राइव्ह स्वतःच्या चुका सांगतो असा दावा करत असेल, ज्याला सी-टू म्हणतात, तर त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही. ती खूण काढलेलीच बरी. वेळ जास्त लागतो, लागू दे.

मधल्या काळात एक गंमत झाली. २००१-०२ च्या सुमारास काही कंपन्यांनी नक्कल होऊ नये म्हणून सीडीत मुद्दाम बिघाड घालायला सुरुवात केली. घरचा प्लेयर अंदाजानं वेळ मारून नेईल आणि संगणक अडखळेल, असा डाव. फिलिप्सनंच सांगितलं की असल्या तबकड्यांवर कॉम्पॅक्ट डिस्कचं चिन्ह छापता येणार नाही, कारण त्या नियमात बसत नाहीत. आणि २००२ मध्ये बातमी आली की यातल्या काही तबकड्यांचं कुलूप कडेला काळ्या मार्कर पेननं रेघ मारली की उघडतं.

आता ऑफसेट. प्रत्येक मॉडेलचा ड्राइव्ह ठराविक नमुने आधी किंवा नंतर वाचायला लागतो. कुणाचा फरक ६, कुणाचा ३०, कुणाचा ६६७. शेवटचा म्हणजे सेकंदाचा सुमारे पासष्टावा भाग. कानाला काहीच कळत नाही, पण दोन प्रती आकड्यांनी ताडून पाहायच्या तर दोन्ही एकाच जागेपासून मोजलेल्या हव्यात. वीटहोफ यांनी एक शून्य धरलं आणि जगभरच्या ड्राइव्हची यादी त्या शून्यापासून तयार झाली. पुढे कुणी बारकाईनं तपासलं तर ते शून्यच ३० नमुन्यांनी सरकलेलं निघालं. तोवर इतक्या लोकांचं इतकं मोजमाप त्यावर झालं होतं की सगळ्यांनी ते तसंच ठेवलं. मला हा निर्णय शहाणपणाचा वाटतो. सगळ्यांचं शून्य एक असणं जास्त महत्त्वाचं होतं.

कारण त्या एकमतावरच पुढची पायरी उभी राहिली. डीबीपॉवरअँपवाल्यांनी अॅक्युरेटरिप नावाची सोय सुरू केली. तुम्ही सीडी वाचली की प्रत्येक ट्रॅकचा एक चेकसम निघतो, आणि तीच सीडी वेगळ्या घरात, वेगळ्या ड्राइव्हवर वाचणाऱ्या इतरांच्या चेकसमशी तो ताडला जातो. वेगवेगळ्या तबकड्यांवर तोच ओरखडा त्याच जागी असणार नाही. जुळलं म्हणजे खरं. किती जणांशी जुळलं तो आकडाही मिळतो.

माझ्या खोक्यातल्या पाश्चात्त्य सीडींना असे साक्षीदार ढिगानं मिळाले. गझला, कव्वाल्या आणि मराठी भावगीतांच्या तबकड्या घातल्या तेव्हा बऱ्याच वेळा उत्तर आलं: ही डिस्क यादीत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकातही कॅसेटचं राज्य होतं, सीडी घेणारे थोडे, आणि त्या अशा काळजीनं वाचून आपला निकाल पाठवणारे त्याहून थोडे. त्या सीडी वाईट वाचल्या गेल्या असं नाही. त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी आलेलं नव्हतं, एवढंच. म्हणून निकाल पाठवायची खूण मी चालू ठेवतो. तुमच्याही कपाटात अशा असतील तर ठेवा. पुढच्या माणसाला एक तरी साक्षीदार मिळेल.

बाकी मांडणी थोडक्यात सांगतो. ऑफसेट ठरवायला आधी जगभर खपलेल्या दोन-तीन सीडी घाला, सॉफ्टवेअर तो आपोआप ओळखतं. आवाजाची पातळी सारखी करायची खूण बंद. 'टेस्ट अँड कॉपी' वापरा, म्हणजे प्रत्येक ट्रॅक दोनदा पूर्ण वाचून चेकसम ताडला जातो. साठवताना फ्लॅक. २००१ पासूनचं हे मुक्त स्वरूप, काहीही न गाळता आकार बराच कमी करतं, आणि मूळ आवाजाचा एक ठसा फाइलीतच ठेवतं. दहा वर्षांनी फाइल सडली की नाही, हे त्यावरून कळतं. लॉग फाइल फेकू नका. नावं मात्र हातानं तपासा. इंटरनेटवरच्या याद्या लोकांनीच टाइप केलेल्या आहेत आणि उर्दू शायरांच्या नावांचे रोमन लिपीत काय हाल होतात ते बघवत नाही.

आणि एक तबकडी अशी आहे जिला साक्षीदार मिळणं शक्यच नाही. अब्बांच्या मित्रमंडळींनी घरी भरवलेल्या मुशायऱ्याची, घरीच बर्न केलेली सीडी-आर. ११ ट्रॅक. जगात तिची एकच प्रत, आणि सीडी-आरवरचा रंगाचा थर उन्हानं, उष्णतेनं उतरत जातो. मूळ कॅसेट केव्हाच गेली. त्यात वाचणाऱ्या सहा जणांपैकी आज कुणीही हयात नाही. तिच्यासाठी मी तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे ड्राइव्ह गोळा केले, एक भंगारवाल्याकडून. ऑफसेट प्रत्येकाचा आधी ठरवून घेतला. ९ ट्रॅक तिन्हीकडे अक्षरशः सारखे आले. दहावा दोघांवर जुळला, तिसऱ्यावर नाही. दोघांचं मी मानलं. अकराव्यात, जिथे अब्बा स्वतः वाचतात, शेवटच्या चाळीस सेकंदांत तिघांची तीन उत्तरं आहेत. ऐकायला तिन्ही ठीक वाटतात. मी तिन्ही ठेवली आहेत, तिन्हींचे लॉग सोबत, आणि फोल्डरच्या नावात तसं लिहिलं आहे. चौथा ड्राइव्ह बघतो आहे, जुना, संथ वाचणारा.