प्रश्नपत्रिका पडद्यावर, पण ती सर्वांना वाचता येते का?

हजेरीपट, गृहपाठाच्या वह्या आणि गुणपत्रकांचे गठ्ठे सांभाळणे हा शिक्षकाच्या कामाचा मोठा भाग. हे काम संगणकाकडे सोपविणाऱ्या व्यवस्थेस ‘अध्ययन व्यवस्थापन प्रणाली’ म्हणतात. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डुगियामास यांच्या ‘मूडल’ची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ती मुक्त स्रोत असल्याने कोणतीही शाळा आपल्या सर्व्हरवर परवाना शुल्काविना बसवू शकते. ‘गुगल क्लासरूम’ २०१४ मध्ये, तर केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले.

मूल्यमापनात या प्रणालींचा लाभ उघड आहे. बहुपर्यायी उत्तरे तत्काळ तपासली जातात आणि वर्ग कोणत्या प्रश्नावर अडखळला, हे शिक्षकास लगेच समजते. निबंध किंवा गणितातील पायऱ्या तपासण्यासाठी मात्र शिक्षकाचीच नजर लागते.

खरी कसोटी सुगम्यतेची आहे. अंध विद्यार्थी पडद्यावरील मजकूर ‘स्क्रीन रीडर’च्या साह्याने ऐकतात. दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांनी विकसित केलेला ‘एनव्हीडीए’ हा असा एक विनामूल्य स्क्रीन रीडर. त्याचे काम २००६ मध्ये सुरू झाले. परंतु शिक्षकाने छापील प्रश्नपत्रिकेचे छायाचित्र चढविले, तर स्क्रीन रीडरच्या लेखी ते केवळ एक चित्र असते. मराठीत आणखी एक अडचण आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेखन केलेला मजकूर डोळ्यांना देवनागरी दिसतो. आत मात्र रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत असतात. परिणामी विद्यार्थ्याच्या कानी निरर्थक उच्चार पडतात आणि उत्तर येत असूनही गुण जातात.

उपाय खर्चिक नाहीत. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा, आकृतीसोबत तिचे शब्दांत वर्णन द्यावे, कर्णबधिरांसाठी चित्रफितीला उपशीर्षके जोडावीत. माउसविना, केवळ कळफलकावर चाचणी सोडविता येते का, हेही आधी पाहावे. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी लक्षणीय अपंगत्व असलेल्या परीक्षार्थींना तीन तासांच्या लेखी परीक्षेत किमान एक तास जादा देण्याचे ठरविले. वर्गातील चाचणीतही हे तत्त्व पाळता येते. ‘मूडल’मध्ये एखाद्या विद्यार्थ्यापुरती वेळ वाढविण्याची सोय आहे.

अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले व सर्वसमावेशक शिक्षणाचे दायित्व शाळांवर टाकले. पडद्यावरील वर्गही त्याला अपवाद ठरू नये.