फर्दापूरची सराई आणि सुरतेचं जहाज

अजिंठ्याच्या घाटाखाली फर्दापूरला औरंगजेबाच्या काळातली सराई आहे. वऱ्हाडातून सुरतेला, तिथून जहाजानं मक्केला निघालेला यात्रेकरू इथं उतरला, तर त्याच्यापुढं प्रश्न उभा राही: जहाज सुटण्याआधी कोणतं शहर पाहावं? उत्तरेला कापडाच्या पेठेचं बुऱ्हाणपूर. तिथून तापीकाठची वाट सुरतेला जाई. दक्षिणेला, घाट चढून, औरंगाबाद, म्हणजे मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवलेली खडकी, आजचं छत्रपती संभाजीनगर.

पण तांबड्या समुद्राकडची जहाजं पावसाळ्याआधी निघून जात. वेळ चुकली, की पुढल्या मोसमापर्यंत मुक्काम, आणि गाठीचा पैसा तिथंच सरे. म्हणून आधी वाऱ्याचा हिशेब, मग शहराचा!

गुरुजी, सहल नेलीत तर मुलांना सराईच्या दरवाजात उभं करा. विचारा, ‘तुम्ही कोणती वाट धरली असती?’