मोकळ्या दट्ट्याचं कूळ

१८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात जर्मनीहून आलेल्या एका इंजिनाचा खडखडाट असह्य होता. निकोलाउस ऑटो आणि ऑयगेन लांगेन यांच्या या यंत्रात उभ्या सिलिंडरमध्ये गॅसचा स्फोट होई आणि दट्ट्या थेट वर उडे. वर जाताना त्याला कशाचीही ओढ नसे. खालचा गॅस थंडावून पोकळी झाली की हवेचा दाब त्याला परत खाली रेटी. या परतीच्या फेरीतच त्याची दातेरी पट्टी चाकात अडकून दांडा फिरवी. परीक्षकांपैकी फ्रान्झ रूलो यांनी गॅस मोजायचा आग्रह धरला. मोजला, तर लेन्वारच्या तेव्हा नावाजलेल्या गॅस इंजिनाच्या निम्म्याहून कमी! सुवर्णपदक याच यंत्राला मिळालं.

त्याच्याही आधी, १८५४ मध्ये, इटलीच्या बार्सांती आणि मात्तेउच्ची यांनी अशाच मोकळ्या दट्ट्याच्या इंजिनाचं इंग्लिश पेटंट घेतलं होतं. म्हणजे आज ‘लिनियर इंजिन’ म्हणून नव्या दिमाखात मिरवणारी ही जात जुनीच आहे.

मग दट्ट्याला बांधून ठेवणारा क्रँक कसा जिंकला? ऑटो-लांगेन यंत्राला दहा-तेरा फूट उंची लागे आणि ताकद तीन अश्वशक्तीपुढे जाईना. १८७६ मध्ये खुद्द ऑटोनेच चार स्ट्रोकचं इंजिन आणलं. त्यात दट्ट्या कनेक्टिंग रॉडने क्रँकशाफ्टला बांधलेला होता.

या बांधणीची किंमत मोजावी लागते. रॉड तिरका होतो, तेव्हा दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीवर घासतो. शिवाय दट्ट्याची धाव ठरलेली, त्यामुळे दाबाचं प्रमाणही सहसा ठरलेलंच. मोकळा दट्ट्या सरळ रेषेत धावतो, घर्षण कमी होतं आणि इंधनाप्रमाणे दाब बदलता येतो. पण त्याला वेळेवर थांबवणार कोण? क्रँक दट्ट्याला दर फेरीत त्याच जागी वळवतो आणि एखादा स्फोट चुकला, तरी फ्लायव्हील गाडा ओढून नेतो. मोकळ्या दट्ट्याची फेरी चुकली की इंजिन बंद. खरं दुखणं कार्यक्षमतेचं नव्हतंच, शिस्तीचं होतं.

हेलिकॉप्टरच्या प्रयोगांमुळे गाजलेल्या अर्जेंटिनाच्या राऊल पेस्कारा यांनी १९२० च्या दशकात हा दट्ट्या पुन्हा बाहेर काढला, तो हवा दाबण्यासाठी. पुढे फ्रान्सच्या सिग्मा कंपनीने टर्बाइनला गरम वायू पुरवण्यासाठी तो वापरला. १९५६ मध्ये जनरल मोटर्सने एक्सपी-५०० ही मोटार याच तत्त्वावर चालवून दाखवली. ‘विल्यम पॅटरसन’ या मालवाहू जहाजातही अशी यंत्रं बसली. तरीही वंश वाढला नाही.

जीव आला तो विजेमुळे. दट्ट्यालाच चुंबक जोडून तो तारांच्या गुंडाळ्यांमध्ये मागे-पुढे धावू लागला की थेट वीज मिळते, आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रण त्याच गुंडाळ्यांतून दट्ट्याला वेसण घालतं. २०१४ मध्ये टोयोटाच्या संशोधकांनी अशा १० किलोवॅटच्या जनरेटरची कार्यक्षमता गणिती प्रारूपात ४२ टक्के दाखवली. तीनच वर्षांनी त्याच कंपनीने हायब्रिड गाड्यांसाठीचं क्रँकवालं अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन ४१ टक्क्यांपर्यंत नेलं. एवढ्याशा फरकासाठी मोटारींचे कारखाने बदलायला कोण तयार होईल?

एका जागी बसून वीज करायची असेल, तर मात्र पारडं फिरतं. कॅलिफोर्नियाच्या मेनस्प्रिंग कंपनीचे लिनियर जनरेटर ठिणगीशिवाय चालतात आणि नैसर्गिक वायू, बायोगॅस, हायड्रोजन असं वेगवेगळं इंधन पचवतात. मोटारीत अजून क्रँकच बरा.