घनता-उंची
विमानाला धावपट्टीची नकाशावरची उंची जाणवत नाही, जाणवते ती हवेची विरळता; तिच्या हिशेबाने ठरते ती घनता-उंची. उदाहरणार्थ, नागपूरच्या सोनेगावची धावपट्टी: लांबी 3200 मीटर, उंची समुद्रसपाटीपासून जेमतेम 315 मीटर. पण नवतप्यात पारा 45 अंशांवर गेला, डांबरावर मृगजळ थरथरू लागले, की हीच हवा सुमारे 1500 मीटर उंचीवरच्या हवेइतकी पातळ होते. मग पंखांना उचल कमी, इंजिनाला जोर कमी, धाव मात्र लांब.

ही अडचण लडाखच्या उंच धावपट्ट्यांसारखीच. यावर कोणी म्हणेल, ही तुलना ओढूनताणून आहे. लेहची धावपट्टी 3256 मीटरवर, दौलत बेग ओल्डीची 5000 मीटरच्याही वर. तिथे 20 ऑगस्ट 2013 रोजी वायुसेनेचे सी-130जे मालवाहू विमान उतरले. फरक मोठा आहेच, शिवाय तिथे डोंगर आणि वारेही आडवे येतात. पण उन्हाचा नियम तोच: 25 अंशांना लेहची घनता-उंची 4000 मीटर ओलांडते, म्हणून तिथली उड्डाणे शक्यतो सकाळी उरकतात. धावपट्टी वाढवून भागेल, हेही अर्धेच खरे. विरळ हवेत उड्डाणासाठी लागणारा जमिनीवरचा वेग वाढतो आणि टायरांनाही वेगमर्यादा असते. शेवटी वजनच उतरवावे लागते.