द्राक्षाच्या पेटीवरच्या रेघा

फेब्रुवारीत नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या पॅकहाऊसमध्ये एक्स्पोर्टच्या मालाची घाई असते. बायका कात्रीने घडातले तडकलेले, बारके मणी अलगद काढतात, पनेट म्हणजे छोटे डबे भरतात, पेटीत गंधकाचा कागद टाकतात. शेवटी बाहेरून लेबल. ते लागलं की द्राक्षं कोणत्या प्लॉटमधली, हे युरोपात बसूनही शोधता येतं.

लेबलावरच्या बारकोडच्या रेघांचा जन्म मात्र माग काढण्यासाठी नव्हे, गल्ल्यावरची रांग हलवण्यासाठी झाला. 1948 साली फिलाडेल्फियात किराणा दुकानांच्या एका साखळीच्या प्रमुखाने ड्रेक्सेल संस्थेच्या डीनना गळ घातली, की मालाची नोंद आपोआप होईल असं काही काढा. डीननी नकार दिला, पण बोलणं बर्नार्ड सिल्व्हरच्या कानावर पडलं आणि त्याने ते मित्राला, नॉर्मन वुडलँडला सांगितलं. वुडलँड मायामीच्या किनाऱ्यावर बसला असताना त्याने वाळूत मोर्सलिपीसारखी बोटं टेकवली आणि सहज मागे ओढली. टिंबं-रेघा लांबल्या, काही बारीक, काही जाड. पेटंट मिळालं 1952 मध्ये. पण तेव्हा ना लेसर होता, ना स्वस्त संगणक. 26 जून 1974 रोजी ओहायोतल्या ट्रॉय गावी पहिलं पाकीट वाचलं गेलं तेही च्युइंगगमचं, 67 सेंटचं!

त्या रेघांना वस्तू कळत होती, घाणा कळत नव्हता. एका कंपनीच्या लाखो पाकिटांवर तोच आकडा. विषबाधा झाली तर परत बोलवायचं काय? म्हणून कारखान्यांत खोक्यांवर नि पॅलेटवर लॉट नंबर सांगणारे लांब कोड आले. मॅड काऊ या गुरांच्या रोगाने हादरलेल्या युरोपने पुढे कायदाच केला. खाद्यपदार्थ कोणाकडून घेतला नि कोणाला दिला, हे 1 जानेवारी 2005 पासून प्रत्येक व्यावसायिकाला सांगता यायलाच हवं.

नाशिकला धक्का त्याआधीच बसला होता. 2003 मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल आणि ॲसिफेट या कीटकनाशकांचा अंश सापडला. बागा हजारो, त्यातली दोषी कोणती? उत्तर म्हणून 2006 मध्ये केंद्राच्या कृषी निर्यात प्राधिकरणाने, ‘अपेडा’ने, ‘ग्रेपनेट’ उभं केलं: प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाऊस, पॅलेट, सगळं एका धाग्यात. नमुना नापास, तर त्या प्लॉटचा माल पुढे सरकायचा नाही. बागायतदाराला ही कटकट वाटली असेल, पण शेजाऱ्याच्या फवारणीची शिक्षा आपल्याला नको, एवढा हिशेब त्यालाही कळत होता.

तरी 2010 मध्ये युरोपात पुन्हा माल अडकला. या वेळी कारण होतं वेलीची वाढ आवरायला वापरलं जाणारं क्लोरमेक्वाट, म्हणजे बागायतदारांचं ‘सीसीसी’. लेबलं जागच्या जागी होती, अहवालही होते, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नावच नव्हतं. पुढच्या हंगामात ते चढवलं गेलं.