जर्नेल सिंग आघाडीवर का खेळला?

1962 च्या जकार्ता आशियाई खेळांत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक जिंकले. त्याची आठवण निघाली की चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी आणि तुलसीदास बलराम या त्रिकुटाच्या गुणांचे गोडवे गायले जातात. ते रास्तच आहे. पण ते पदक केवळ गुणांच्या जोरावर आलेले नाही, ते रचनेतूनही आले. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनी कोणाला कुठे उभे केले आणि कोणते काम दिले, हे पाहिल्याशिवाय त्या विजयाचा उलगडा होत नाही. हैदराबादचे रहीम पेशाने शिक्षक. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांचाच संघ युगोस्लाव्हियाकडून 10-1 असा चिरडला गेला होता. बहुतेक खेळाडू अनवाणी होते, आणि संघ दोन बॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड या जुन्याच मांडणीत उतरला होता. ऑफसाइडचा नियम 1925 मध्ये सैल झाल्यावर इंग्लंडमध्ये हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनलने मधला हाफ मागे ओढून तिसरा बॅक केला. ही मांडणी युरोपात रुजून पुढे सरकली, तरी कोलकात्याची मैदाने दोन बॅकच्या खेळालाच चिकटून होती.

रहीम यांनी तिसरा बॅक स्वीकारला. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवले. त्या सामन्यात मुंबईच्या मैदानांवर खेळणाऱ्या गोव्याच्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली. उपांत्य फेरीत पुन्हा युगोस्लाव्हियाच समोर आला. पहिला गोल नेव्हिलचा होता, पण सामना भारताने 1-4 असा गमावला. यावर कोणी म्हणेल, हा युगोस्लाव्ह संघ 1952 च्या संघाइतका तगडा नव्हता, आणि आता आपल्या खेळाडूंच्या पायांत बूटही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि सगळे श्रेय तिसऱ्या बॅकला देता येणार नाही. पण उघड्या पडलेल्या बचावफळीला बूट घातल्याने आडोसा मिळत नाही. मधोमध एक पहारेकरी उभा राहिला, तेव्हाच दोन्ही फुलबॅकना विंगरवर नजर ठेवण्याची मोकळीक मिळाली.

रहीम यांच्या विचाराचा खरा कस लागला तो जकार्तात. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून 0-2 हरला. मग थायलंडविरुद्ध संघाचा स्टॉपर, म्हणजे मधला बॅक, जर्नेल सिंग याच्या डोक्याला इजा झाली आणि टाके घालावे लागले. उंच चेंडू डोक्याने परतवणे हे ज्याचे रोजचे काम, त्याला आता तेच जोखमीचे झाले. त्याला बाकावर बसवणे सोपे होते. रहीम यांनी त्याला सेंटर फॉरवर्ड केले आणि स्टॉपरची जागा अरुण घोषकडे सोपवली. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर 3-2 असा विजय मिळाला. त्यात जर्नेलचा एक गोल होता, अंतिम सामन्यातही त्याने एक केला.

याला केवळ नाइलाज म्हणणारे आहेत. नाइलाज होताच, पण नाइलाजाने माणूस हलवता येतो, त्याने सोडलेली जागा नाइलाजाने भरत नाही. घोष ती जागा सांभाळू शकला, कारण संघातल्या जागा एकमेकांच्या आधारावर बांधलेल्या होत्या. गोव्याचा फॉर्च्युनाटो फ्रँको हाफबॅकच्या जागी बचाव आणि आघाडी जोडत होता. आणि आशियातला फुटबॉल त्या काळी कच्चा होता, हा आक्षेप कोरियाच्या बाबतीत तरी लागू पडत नाही, कारण 1956 आणि 1960 असे दोन्ही आशियाई चषक त्यांच्याकडे होते.

4 सप्टेंबर 1962 रोजी अंतिम सामन्यात, भारतावर राजकीय कारणांनी चिडलेल्या सुमारे 1 लाख प्रेक्षकांपुढे, बॅनर्जी आणि जर्नेल यांनी पहिल्या 20 मिनिटांतच गोल केले. कोरियाचा एकमेव गोल अखेरीस झाला आणि भारत 2-1 असा जिंकला. गुणवान खेळाडू तर 0-2 च्या सामन्यातही होतेच. पुढच्याच वर्षी, जून 1963 मध्ये, रहीम गेले. त्यानंतर आशियाई खेळांत पुरुष फुटबॉलमध्ये भारताला मिळालेले एकमेव पदक म्हणजे 1970 चे बँकॉकमधले ब्राँझ.