मांजरीचं बीज कुणाच्या निरोपाने सुटतं?

आमच्या चकलांब्यात मांजर रात्रभर ओरडायला लागली की आजी म्हणायची, "माजावर आलीय. बोका आल्याशिवाय गप नाही बसायची." ते कटकट म्हणून बोललेलं असायचं, पण त्यात शरीरशास्त्र होतं.

गाय, म्हैस किंवा बाई यांच्यात बीज ठरावीक काळाने आपोआप सुटतं. मांजरीत ते बहुधा बोक्याशी संबंध आल्यावरच सुटतं. असा प्रकार आधी सशात कळला. वॉल्टर हीप यांनी 1905 साली दाखवलं, की सशिणीचं बीज संबंधानंतर साधारण दहा तासांनी सुटतं. पुढे 1934 मध्ये ग्रुलिक यांनी बोक्याशिवाय, फक्त योनिमार्गाला स्पर्श करून मांजरीचं बीज सोडवलं. म्हणजे वीर्याची गरज नव्हती, मज्जातंतूंना चेतना मिळणं पुरेसं होतं.

मग गाडी अडली. अंडाशयाला हुकूम देणारं एलएच हे संप्रेरक पिट्युटरी ग्रंथीच्या पुढच्या भागातून येतं, आणि तिथे मज्जातंतू जवळपास नाहीतच. मेंदूचा निरोप पोचतो कसा? जेफ्री हॅरिस यांचं म्हणणं होतं, की हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग बारीक रक्तवाहिन्यांतून रासायनिक निरोप पाठवतो. अनेकांना ते पटेना. अखेर 1971 मध्ये शॅली यांच्या प्रयोगशाळेने डुकरांच्या मेंदूंतून मिळवलेल्या त्या रसायनाची रचना उलगडली. फक्त दहा अमिनो आम्लं! 1977 च्या नोबेलमध्ये शॅली आणि गियमाँ यांना या कामाचा वाटा मिळाला.

मांजरीत साखळी अशी: स्पर्श, हायपोथॅलॅमस, पिट्युटरी, एलएचची लाट, आणि एक-दोन दिवसांनी बीज बाहेर. 1980 मधल्या मोजमापांत दिसलं, की एकाच संबंधाने निम्म्याच मांजरींचं बीज सुटतं. वारंवार संबंध आले तर एलएच जास्त वाढतं. आणि आजीच्या नियमालाही अपवाद निघाला: बोक्याचा संबंध न येताही काही मांजरींचं बीज सुटतं, हे 1993 मध्ये नोंदलं गेलं.

याचा गावात उपयोग काय? पिलं नकोत म्हणून लोक मांजर खोलीत कोंडतात. पण बीज सुटलं नाही तर ती हंगामात दोन-तीन आठवड्यांनी परत माजावर येते, परत ओरडते, आणि एखाद्या रात्री दार उघडं राहतंच. मग पिलं पोत्यात घालून शिवाराबाहेर सोडली जातात. साखळी तोडायचीच असेल तर पशुवैद्याकडून नसबंदी करून घ्या. कोंडून ठेवल्याने माज फक्त पुढे ढकलला जातो.